अ. पा. क.

बापूला 18 वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी त्यानं मित्रांना चहा पाजला आणि महा ई-सेवा केंद्रात जाऊन 15 रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा काढला. लातूर जिल्ह्यातली काळी रानं, 1 हेक्टर 20 आर, म्हणजे आपली तीन एकर. भोगवटादाराच्या रकान्यात तीन नावं होती. मायचं नाव सरळ होतं. बापूच्या आणि बारकीच्या नावापुढं मात्र ‘अ. पा. क.’ अशी अक्षरं आणि त्यापुढं पुन्हा मायचं नाव. अज्ञान पालनकर्ता आई. बाप 2015 च्या दिवाळीआधी काविळीनं गेला. वारसाची नोंद झाली तेव्हा बापू आठ वर्षांचा होता, बहीण पाच वर्षांची. आजा-आजी त्याआधीच गेलेले.

बापू हे त्याचं कागदावरचं नाव नव्हे. आज्याच्या माघारी जन्मला म्हणून घरात बापू म्हणायची सवय लागली आणि पुढं सगळ्या गावाला तीच लागली. पाळण्यात असल्यापासून म्हाताऱ्याच्या नावानं हाक ऐकणाऱ्या पोराला आपण मोठे आहोत असं वाटायला वेळ लागत नाही. अडचण एवढीच होती की सातबारा तसं म्हणत नव्हता.

त्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडला. ‘अ. पा. क. शेरा कमी करणेबाबत’ असा विषय. तलाठी म्हणाले, फेरफार धरतो, नोटीस निघेल, 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. हरकत कोण घेणार? मोठं व्हायला हरकत घेणारं माणूस बापूच्या डोळ्यापुढं तरी येईना.

खरं म्हणजे माणूस नेमका कधी मोठा होतो हे कायद्यालाही एका आकड्यात सांगता आलेलं नाही. 16 व्या वर्षी बिनगिअरची 50 सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. मत 18 ला, तेही 1989 पासून. त्याआधी 21 लागायची. मुलाला लग्न करायचं तर आजही 21 पाहिजेत, आणि आमदारकीला उभं राहायला 25. जमिनीच्या कामात 1875 चा सज्ञानतेचा कायदा चालतो आणि तो 18 म्हणतो. दीडशे वर्षं झाली, त्यावर कुणी फारसं भांडलेलं नाही.

पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली, आणि तिसऱ्या दिवशी काका घरी आले.

काका म्हणजे सख्खे चुलते. वाटणी बापाच्या हयातीतच झालेली, त्यामुळं भांडणाला जागा नव्हती आणि येणंजाणं बरं होतं. ते बापूला घेऊन ओढ्याकडच्या विहिरीवर गेले. काठावर दोन मोटारी होत्या, एक मायची आणि एक शेजारच्या नानांची. काका नानांच्या पाइपावर पाय ठेवून म्हणाले, “ही विहीर कुणाच्या रानात हाय?”

“आमच्या.”

“मग निम्मं पाणी नाना कसं काय नेतो?”

बापूला माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं. दुष्काळात मायनं बाँडवर लिहून दिलं होतं. काका हसले. “शंभराच्या बाँडवर वहिनीची सही. नोंदणी न्हाई, कोर्टाची परवानगी न्हाई, आणि जमीन अज्ञान पोरांची. आता तू सज्ञान झालास. फाडून टाक. सगळं पाणी आलं तर दीड एकर ऊस निघतोय इथं.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि बारकीला 18 झाली की लगेच हक्कसोड करून घे. नंतर जावई आला की अवघड जातंय. मी बी तुज्या आत्याकडनं वेळेत करून घेतली.”

आत्याचं हक्कसोडपत्र काकांनी दुय्यम निबंधकाकडं कसं नोंदवलं आणि त्या बदल्यात साडी कुठल्या पेठेतून आणली, हे बापूनं लहानपणापासून ऐकलं होतं. आत्याच्या तोंडून मात्र त्यातलं काही ऐकल्याचं त्याला आठवेना. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात ऊस होता.

तालुक्याच्या एका वकिलाकडं तो एकटाच गेला. पाचशे रुपये फी. वकिलानं बाँडची झेरॉक्स उलटसुलट पाहिली आणि काकांचं बोलणं जवळजवळ खरं ठरवलं. अज्ञान मुलाच्या स्थावर मिळकतीवर असा कायमचा भार टाकायचा तर 1956 च्या कायद्याप्रमाणं आईलाही आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती घेतलेली नाही. सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत मुलगा ते रद्द करून मागू शकतो. “अर्थात तुमच्या हिश्श्यापुरतं,” वकील म्हणाला. “बहिणीचा हिस्सा वेगळा. ती सज्ञान झाली की तिला वाटलं तर तीही मागेल. आईचंच नव्हे, मधल्या काळात तुम्ही काही केलं असेल तर त्याचंही विचारेल.” शेवटचं वाक्य बापूनं ऐकलं, पण सोबत घेतलं नाही. तो एसटीत बसला तो ‘तीन वर्षं’ आणि ‘रद्द’ हे दोनच शब्द घेऊन.

घरी आल्यावर जेवायच्या आधीच त्यानं मायला विचारलं, “नानाकडनं किती घेतलं होतंस? आणि ह्या नऊ-दहा वर्षांत माज्या हिश्श्याचं काय काय झालं? मला हिशेब पायजे.”

मायनं तव्यावरची भाकरी उलटली, पापुद्रा धरेपर्यंत थांबली, खाली काढली. मग उठून लोखंडी पेटीतनं तीन वह्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या. शाळेच्या दोनशेपानी वह्या. एकीवर त्याचंच नाव होतं, तिसरी ‘अ’, विषय परिसर अभ्यास.

“वाच,” ती म्हणाली. “वाचून झाल्यावर इचार. आधी जेव.”

बापूला वाटलं होतं माय चिडेल, रडेल, बापाचं नाव काढेल. त्या सगळ्याची उत्तरं त्यानं एसटीत तयार केली होती. वह्यांचं उत्तर तयार नव्हतं.

पहिल्या पानावर गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: तलाठी साहेब म्हणाले पोरं सज्ञान झाली की हिशेब मागू शकतात. खाली रेघा मारून तीन रकाने पाडलेले: बापू, बारकी, मी. माय सातवी शिकलेली. बहुतेक पालनकर्त्या आया हे वाक्य ऐकतात, मान हलवतात आणि कामाला लागतात. हिनं ते शब्दशः घेतलं. सोयाबीन विकलं की पट्टीवरची रक्कम तिघांत वाटायची, खर्च झाला की ज्याचा त्याच्या रकान्यात. बियाणं-खतं तिघांच्यात सारखी. पोळ्याचा बैलांचा साज तिघांच्यात. बापूच्या टायफॉइडची सलाईन एकट्या बापूच्या.

2016 चं पान त्यानं सावकाश वाचलं. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं होतं, लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. ते रेल्वेचं चित्र बापूला पाठ्यपुस्तकातल्यासारखं आठवत होतं. आपल्या विहिरीत त्या वर्षी काय होतं हे मात्र आठवत नव्हतं. वहीत होतं: विहीर कोरडी. नानाचा बोअर सहाशे फूट, फुफाटा. त्याखाली: नानाकडनं 60,000. यारी 22 दिवस. मजूर, सुरुंग, गाळ. विहीर वीस फूट खाली गेली. पाणी लागलं. निम्मं नानाला, लिहून दिलं. 60,000 मधले 3,400 उरले, त्यात दवाखान्याची उधारी.

म्हणजे ज्या पाण्याचा निम्मा वाटा नाना नेत होते, ते पाणी नानांच्या पैशाशिवाय वर आलंच नसतं. काकांनी पाइपावर पाय ठेवला होता तेव्हा हे सांगायचं राहिलं होतं. काका खोटं बोलले नव्हते. त्यांनी विहीर काठापासून मोजली होती, इतकंच.

बापू वाचत गेला. नोव्हेंबर 2016: पाचशेच्या जुन्या चार नोटा, बँकेत दोन दिवस. 2017: तूर नऊ क्विंटल, सरकारी भाव 5,050, पण केंद्रावर बारदाना नाही, रांगेत चार रात्री, मग दोन क्विंटल व्यापाऱ्याला पडेल भावात. 2019: किसान सन्मानचे 2,000 आले. 2020: बियाणं उगवलं नाही, दुबार पेरणी, त्याच पानावर मोबाईल 7,200, ऑनलाइन शाळा, बापूच्या रकान्यात. हा मोबाईल त्यानं रुसून, दोन वेळचं जेवण टाकून घ्यायला लावला होता, आणि त्यात शाळा किती झाली हे त्यालाच ठाऊक. 2021: गावात बोलतात सोयाबीन दहा हजारांवर गेलं. आपलं आधीच विकलं.

जागोजागी एक नोंद यायची, बॅटरीचे सेल. महिन्याआड तरी असायचीच. मध्येच एकदा गमबूट 350. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे काही बापूला नवीन नव्हतं. दिवसाच्या आठवड्यात नाना पाणी धरायचे, रात्रीच्या आठवड्यात माय. तोही दोन-चारदा बॅटरी धरायला गेला होता, मग दहावी आली, मग बारावी. माय रात्री जाते हे त्याला माहीत होतं, पण जे रोज होतं ते माहीत असूनही दिसत नाही. सेलांची किंमत 20 वरून 30 वर आणि 30 वरून 40 वर गेलेली दिसली, तेव्हा ते दिसलं.

मायच्या रकान्यात फारसं काही नव्हतं. तिच्या वाट्याला आलेला पैसा त्याच पानावर ‘बापूकडं उसने’, ‘बारकीकडं उसने’ असा दुसऱ्या रकान्यात सरकलेला असायचा. बापू येणं काढायला बसला होता. तिसऱ्या वहीच्या शेवटी त्याच्याच नावावर देणं निघालं.

इथं कुणी लेखक असता तर बापूच्या डोळ्यांत पाणी आणून गोष्ट आटोपली असती. बापूचं तसं झालं नाही. तो वाचता वाचता बेरजा तपासत होता, आणि दोन ठिकाणी त्याला चूक सापडली. एक होती 1,200 ची, बेरजेतली. दुसरी नुसती बेरजेची नव्हती. 2018 च्या पानावर त्याच्या रकान्यात होतं: मामाला 5,000. पुढं कुठंही ते परत आल्याची नोंद नव्हती.

सकाळी त्यानं वही उघडीच मायपुढं नेली. “हितं बेरीज चुकलीय. बाराशे जास्त लावलेत माज्यावर.”

मायनं बोट ठेवून पुन्हा मोजलं. “व्हय. चुकलीय. दुरुस्त कर.”

“आणि हे मामाचे पाच हजार?”

“दिले होते. त्याची म्हैस मेली होती.”

“माज्या हिश्श्यातनं का?”

“त्या महिन्यात माज्यात नव्हते.”

“परत?”

“न्हाई आले. मागितले दोनदा. येणार बी न्हाईत आता.” माय वहीकडंच बघत होती. “तुला इचारता येत नव्हतं तेव्हा दिले. द्यायला नको होते. माज्याकडं मांड.”

बापू पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ‘तुझ्यासाठी मी किती केलं’ हे वाक्य आता येईल, मग आपल्याला बोलता येईल. ते आलंच नाही. माय चुलीला लाकूड सारून दुसऱ्या कामाला लागली होती. त्याच्या ओळखीतलं कुणीच असं उत्तर देत नसे. शाळेत मास्तर नाही, काका नाही, टीव्हीवर बोलणारे पुढारी तर नाहीच. तो स्वतः तर कधीच नाही. मोबाईल फुटला तेव्हा तो ‘पडला’ होता, परीक्षेत मार्क ‘दिले नव्हते’, आणि गाडीचा साईड ग्लास ‘आधीच ढिला’ होता. मायला विचारलं, आणि तिनं सांगितलं. एवढंच झालं होतं, पण ते त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

तो पेन घेऊन बसला. पाच हजार आपल्या रकान्यातून काढून मायच्या रकान्यात मांडले. मग त्याच्या लक्षात आलं की तेवढ्यानं त्याचं मायकडचं देणं फक्त कमी झालं, फिटलं नाही.

चार दिवसांनी तो नानांकडं गेला. नाना काही प्रेमळ म्हातारा नव्हे. बांधावरची बोरसुद्धा मोजून ठेवणारा माणूस. दुष्काळात त्यांनी पैसा घातला तो दयेपोटी नव्हे, त्यांनाही पाणी पाहिजे होतं. त्यांनी बापूला बसही म्हटलं नाही. “काकानं धाडलंय न्हवं? जा कोर्टात. वीस वर्षं खेळू.”

“कोर्टात जात न्हाई मी,” बापू म्हणाला. “बाँड फाडत बी न्हाई. मायनं दिलंय ते दिलंय. निम्मं पाणी तुमचं.”

नानांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी पानाचा डबा शोधायला सुरुवात केली.

“पण बाँडवर निम्मं पाणी लिहिलंय, दिवसाचं पाणी लिहिलेलं न्हाई. इतकी वर्षं दिवसाची लाईट तुमची आणि रात्रीची आमची. आता पाळी बदलायची. एक रात्रीचा आठवडा आमचा, पुढचा तुमचा.”

“मला रात्री दिसत न्हाई.”

“मायला तरी कुठं दिसत होतं? बॅटरी लावून जायची.”

“माजं वय बघ.”

“बघितलं. तुमचा पोरगा पुण्याहून यायचा न्हाई, ते बी माहिताय. गडी लावा. न्हाईतर तुमच्या रात्री मी धरतो, रोजानं. जी गड्याची मजुरी तीच. नात्यानं न्हाई.”

नानांनी खूप आरडाओरडा केला. मायला निरोप धाडला, काकांकडं गेले, पारावर बसून पोरगं माजलंय म्हणाले. काका वेगळ्याच कारणानं भडकले होते; त्यांच्या मते बापूनं हातातलं पाणी घालवलं होतं. काही दिवस दोघंही एकाच पारावर बसून एकाच पोराला उलट्या कारणांनी शिव्या देत होते. आठवड्याभरानं नानांनी मजुरीत तीस रुपये पाडून सौदा मान्य केला. बापूनं दहा पाडू दिले.

मोठेपणा म्हणजे सोडून देणं, अशी आपल्याकडं एक समजूत आहे, आणि ती पसरवतात बहुधा ज्यांना समोरच्यानं काहीतरी सोडून द्यायला पाहिजे असतं ती माणसं. आत्याला साडी देताना काका हेच म्हणाले असतील. बापूनं सोडलं काहीच नाही. मायचा शब्द ठेवला, आणि त्या शब्दाबाहेर गेलेला बारीकसा वाटा परत मागितला.

काकांना मात्र त्यानं एक गोष्ट बजावली. हक्कसोडीचं बोलणं ह्या घरात परत काढायचं नाही. काका म्हणाले, “तू लहान हायस अजून, तुला कळत न्हाई.” बापूनं मान हलवली आणि चहा घेणार का विचारलं.

तिसरी वही संपली होती. मायनं चौथी आणली नाही. “आता तुजं तू लिही,” म्हणाली. “बारकीचं बी तूच लिही, मी सांगीन. तिची तीन वर्षं राहिलीत.” बापूनं नवी वही आणली, तेच तीन रकाने पाडले. पहिल्या पानावर सेल आले, यूरिया आला, नानाकडनं मिळालेली रोजंदारी आली. रात्री पाण्यावरून आला की तो चिखलाच्या पायानं ओट्यावर बसून लिहायचा, आणि झोपेत अक्षर मायच्यापेक्षा गिचमिड यायचं.

एका रविवारी तो उठला तेव्हा बारकी ओट्यावर ती वही मांडीवर घेऊन बसली होती. दहावीचं वर्ष, गणितात बापूपेक्षा बरी.

“हे पाचशे कशाचे रं?”

बापूनं चूळ भरली. “वकिलाचे.”

“कशाला गेला होतास वकिलाकडं?”

“बाँड फाडता येतोय का बघायला. आणि काका म्हणत होता तुज्याकडनं पुढं हक्कसोड करून घे. त्याचं इचारलं न्हाई मी तिथं, पण डोक्यात होतं.”

बारकीनं वर बघितलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग बोट परत वहीवर ठेवलं.

“मग हे तिघांच्या रकान्यात कसे? माज्यावर एकशे सहासष्ट लावलेत तू.”

“चुकलं. दे पेन.”

“आणि मायचे?”

“ते बी माज्याकडं घेतो.”

त्यानं दोन्ही आकडे खोडले, आपल्या रकान्यात पूर्ण पाचशे लिहिले आणि पेन तिच्याकडं परत केलं. तिनं ते कानावर अडकवलं आणि बोट खालच्या ओळीवर नेलं.

“बरं, ही चप्पल साडेचारशेची? मागच्या दिवाळीला घेतली होतीस की.”